आकडा

माझं काम आकडा टिपायचं.
दिघ्यापासून महाप्यापर्यंत साडेतीन हजार मीटर,
कंत्राटदार देतो मीटरमागे पाच रुपये,
कुत्रं चावलं तर त्याचे वेगळे नाहीत.
जिन्याखाली, संडासाशेजारी, देवाच्या फोटोमागे
कुठंही दडलेला असतो तो डबा.
मोबाईल धरायचा, फोटो काढायचा,
आकडा टिपायचा, पुढं.

ठाणे-बेलापूर रस्त्याला एक इमारत आहे, खिडक्या नसलेली.
आत माणसं थोडी, यंत्रं फार.
यंत्रांना म्हणे उकडून चालत नाही.
वॉचमन तायडे सांगतो,
भर मे महिन्यात आतली पोरं स्वेटर घालून बसतात.
तिथला मीटर माझ्याकडे नाही,
त्याचं रीडिंग आपोआप जातं वर.
मी फक्त दुपारी त्या भिंतीला टेकून डबा खातो.
पाठीला गार लागतं.

तिच्या मागून टॉवर निघतात,
पाय फाकवून डोंगर चढतात
आणि करवंदपाड्याच्या बरोब्बर माथ्यावरून जातात.
दमट हवेत तारा चरचरतात,
तव्यावर पाण्याचा शिपका मारावा तशा.
हौसा मुकणे म्हणते,
"येवढी वीज डोक्यावरनं जाते,
पण एक थेंब सांडत नाही बघा."

एकवीस घरं. मीटर एकही नाही.
जागा वनखात्याची म्हणून दाखला नाही,
दाखला नाही म्हणून अर्ज नाही,
आणि अर्ज नाही म्हणजे मागणीच नाही,
असं साहेब म्हणाले.
खोटं बोलत नव्हते ते. रजिस्टरात तसंच होतं.

मग पाडा आकडा टाकायचा,
खालच्या चाळीच्या वायरवर, अंधार पडल्यावर.
चाळमालक घरामागे सहाशे घ्यायचा,
पंखा असला तर आठशे.
माझ्या खाडीकडच्या फ्लॅटचं बिल त्याहून कमी येतं.
मीही आकड्यावर जगतो, तेही आकड्यावर.
एकच शब्द.
मला त्याचा पगार.
गेल्या भाद्रपदात हौसाचा बुधा चिकटला.
एकोणीस वर्षांचा. हातात ओला बांबू.
पंचनाम्यात कारण लिहिलं, अनधिकृत.

बिलात एक रकाना असतो, वहन आकार.
वीज दारापर्यंत वाहून आणल्याबद्दल.
हौसाची सून मोळी घेऊन उतरते
तेव्हा मला तो रकाना आठवतो,
आणि मी घड्याळात बघतो, उशीर झालाय का ते.

आता पाड्यावर तीन पत्रे आहेत, काळे-निळे,
ऐरोलीच्या एका सोसायटीनं नवे बसवले
तेव्हा भंगारात निघालेले.
एकाला कोपऱ्यात तडा.
बॅटरी रिक्षाची, बायकांच्या भिशीतून.
आणि एक वही, शंभर पानी,
वरचं शाळेचं नाव खोडलेलं.
जनी, दम्याचं मशीन, रात्री दोनदा, आधी तीच.
दहावीची दोघं, साडेआठ ते दहा.
मोबाईल दुपारी, घरटी एक.
टीव्ही नाही.
खाली दुसऱ्या अक्षरात: फायनल सोडून.
त्याखाली भांडणाची खाडाखोड,
आठवले ते सगळे अपशब्द काना-मात्रेसकट.
आषाढातली चार पानं कोरी,
पाचव्यावर एवढंच,
ऊन नाही. जनीला खाली नेली.

मला वर जायचं काही कारण नाही.
तरी महिनाअखेरीला जातो,
चहा पितो, लाकडाचा धूर डोळ्यात घेतो.
परवा सवयीनं हात गेला,
वहीवर मोबाईल धरला, फोटो काढला.
मशीन म्हणालं,
रीडिंग स्वीकारले नाही, ग्राहक क्रमांक टाका.

हौसा चुलीपाशी वाकली होती.
न वळता म्हणाली,
"काय रं, बरोबर आला का आकडा?"